हवेचा दाब समजून घ्या: ग्लासभर पाण्यापासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत

उन्हाळा लागला, विहिरी तळाला गेल्या की खान्देशात एक तक्रार गावोगाव ऐकू येते: "मोटर पानी उचलत नही." लाइट पूर्ण असते, मोटर फिरत असते, विहिरीत पाणी डोळ्यांना दिसत असतं, तरी पाइपाच्या तोंडाशी थेंब नसतो. मग मिस्त्री येतो, पंप खोलतो, पॅकिंग बदलतो. पुष्कळदा पंपात काहीच बिघडलेलं नसतं. पाणी खाली गेलेलं असतं आणि पंप जुन्याच जागी राहिलेला असतो. पाणी पंपापर्यंत किती उंच चढणार हे पंपाचं नशीब नसतं, ते आपल्या डोक्यावरची हवा ठरवते.

हवेचा दाब हा विषय शाळेत एका धड्यात आटोपतो आणि परीक्षा झाली की विसरतो. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण शेत, स्वयंपाकघर, घाट आणि पावसाच्या बातम्या, सगळीकडे तोच आहे. हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: शाळेतली मुलं, त्यांना शिकवणारे आईबाप, आणि नुकतंच शेत हातात घेतलेली तरुण मंडळी. साहित्य फार लागत नाही. काचेचा ग्लास, पोस्टकार्ड, दोन स्ट्रॉ, झाकणाची बाटली, सुई नसलेली सिरिंज आणि स्मार्टफोन. पायऱ्या मात्र क्रमानेच करा, कारण विहिरीचा हिशेब कळायला स्ट्रॉचा प्रयोग आधी हाताखालून जायला हवा.

पहिली पायरी: हवेचं वजन करा, कागदावरच

दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट. आत साधारण २८ घनमीटर हवा मावते. जळगावच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या उन्हात, एक घनमीटर हवेचं वजन १.१ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे त्या रिकाम्या खोलीत सुमारे ३१ किलो हवा आहे. जानेवारीतल्या थंड पहाटे तीच खोली ३४ किलोंच्या जवळ हवा धरते, कारण थंड हवा दाट असते. हा गुणाकार मुलांकडून करून घ्या. "हवेला वजन असतं" हे वाक्य पाठ करणं वेगळं आणि आपल्याच खोलीत क्विंटलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास जाणारा आकडा काढणं वेगळं.

आता खोलीचं छत काढून टाकल्याची कल्पना करा. वर कित्येक किलोमीटर हवाच हवा आहे आणि तिचा सगळा भार खालच्या हवेवर आहे. खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला की तळचा कापूस दबून घट्ट होतो आणि वरचा मोकळा राहतो, तसंच हवेचं आहे. खालची हवा दाट, वरची विरळ. पूर्ण वातावरणाच्या वजनापैकी निम्मं वजन पहिल्या साडेपाच किलोमीटरमध्येच संपतं.

समुद्रसपाटीला हा भार दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोच्या किंचित वर येतो. हवामान खात्याच्या भाषेत १०१३ हेक्टोपास्कल. जुने लोक मिलीबार म्हणतात, आकडा तोच राहतो. जळगाव, भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडे वर आहेत, म्हणून तिथे दाब सरासरी ९८८ च्या आसपास असतो. भर उन्हाळ्यात ९८० पर्यंत उतरतो, थंडीत ९९० च्या वर जातो.

तळहात पुढे करा. त्याचं क्षेत्रफळ साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्यावर दीडशे किलोचा भार आहे, तरी हात खाली जात नाही. कारण हवा फक्त वरून दाबत नाही. ती वाहती आहे, सगळीकडून दाबते, हाताच्या खालूनही तेवढ्याच जोराने. शरीरातलं पाणी, रक्त, फुप्फुसातली हवा हेही त्याच दाबाला आहेत. दोन्ही बाजूंना दाब सारखा असला की काही जाणवत नाही. एका बाजूचा कमी झाला की दुसरी बाजू ढकलते. या लेखातलं पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

दुसरी पायरी: ग्लास उलटा धरा

काचेचा ग्लास काठोकाठ भरा, तोंडावर पोस्टकार्ड ठेवा, तळहाताने दाबून ग्लास उलटा करा आणि हात सावकाश काढून घ्या. कार्ड चिकटून राहतं, पाणी पडत नाही. पहिल्यांदा करताना खाली घमेलं ठेवा.

हिशेब साधा आहे. ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी असेल तर ते कार्डाच्या दर चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅमचा भार टाकतं. खालून हवा जवळजवळ हजार ग्रॅमने वर ढकलते. ग्लासाच्या काठाशी पाण्याची जी पातळ कड असते ती हवेला आत शिरू देत नाही, एवढंच कार्डाचं काम. मुलांना विचारा, ग्लास किती उंच असता तर कार्ड पडलं असतं? दहा ग्रॅमला दहा सेंटिमीटर, तर हजार ग्रॅमला किती? उत्तर येतं: दहा मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, तो विहिरीत पुन्हा लागणार आहे.

तिसरी पायरी: स्ट्रॉने पाणी पिऊन दाखवा, मग पिऊ नका

माझ्या मते हवेच्या दाबाचा सगळ्यात चांगला प्रयोग हाच, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

दोन स्ट्रॉ तोंडात धरा. एकीचं टोक सरबतात बुडवा, दुसरीचं टोक ग्लासाबाहेर मोकळ्या हवेत ठेवा. आता ओढा. सरबत वर येत नाही. गाल कितीही आत घ्या, येत नाही. बाहेरच्या स्ट्रॉचं तोंड बोटाने बंद केलं की लगेच येतं.

आता झाकणाची बाटली घ्या. झाकणाला स्ट्रॉपुरतं भोक पाडा, स्ट्रॉ आत घाला आणि फटीभोवती कणीक किंवा एमसील नीट दाबून बसवा. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि प्या. पहिला एखादा घोट येईल, मग थांबेल. काचेची बाटली असेल तर हमखास. प्लास्टिकची असेल तर बाटलीच आत चेपत जाईल. झाकणाला टाचणीने दुसरं बारीक भोक पाडा, पाणी पुन्हा सुरळीत येऊ लागतं.

यात काय दिसलं ते शांतपणे लावून बघा. पहिल्या प्रयोगात तोंडातला दाब कमीच होत नव्हता, कारण मोकळ्या स्ट्रॉमधून बाहेरची हवा आत येत होती. दुसऱ्यात तोंडातला दाब कमी झाला, पण पाण्याच्या पृष्ठभागावर दाबायला बाहेरची हवा नव्हती. दोन्ही वेळा तुमचा जोर तोच होता. पाणी वर चढण्यासाठी वरच्या टोकाला दाब कमी लागतो आणि खालच्या पाण्यावर मोकळी हवा लागते. आपलं तोंड फक्त जागा करून देतं, काम बाहेरची हवा करते. पिचकारी, औषधाची सिरिंज, डिझेलच्या ड्रममधून नळीने डिझेल काढणं, सगळीकडे हेच चालतं. ड्रमचं बूच घट्ट असेल तर नळीतून डिझेल येणं थांबतं, त्याचं कारण आता वेगळं सांगायला नको. डिझेल तोंडाने मात्र ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. त्यासाठी हातपंप मिळतो.

सिरिंजचा आणखी एक खेळ आहे. सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या, हात पोळणार नाही एवढ्या सांभाळाने, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने किंवा टोपणाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. शंभर अंशांच्या पुष्कळ खाली असलेलं पाणी खदखदा उकळू लागतं. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. कुकरमध्ये याच्या उलट घडतं. शिटीच्या वजनामुळे आत जवळपास बाहेरच्या हवेएवढा जास्तीचा दाब साठतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, म्हणून डाळ लवकर शिजते. पाण्याचं हे उकळणंही विहिरीत परत भेटणार आहे.

चौथी पायरी: डबा चेपवा

हा प्रयोग मोठ्या माणसाने करायचा. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये दोन चमचे पाणी घाला, सांडशीत धरून गॅसवर तापवा. तोंडातून वाफ भरपूर निघू लागली की कॅन झटकन उलटा करून थंड पाण्याच्या पातेल्यात तोंडावर बुडवा. फट्‌कन आवाज होतो आणि कॅन चुरगळतो. वाफेने आतली हवा हाकलली होती. वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं. आत जवळपास काही उरलं नाही. बाहेरची हवा होती तिथेच होती. बंद तोंडाचा डबा कधीही तापवू नका, तो चेपण्याऐवजी फुटतो.

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची एक बाजू मोजून बघा. सुमारे आठशे चौरस सेंटिमीटर भरते. त्या एका बाजूवर हवा आठशे किलोंच्या आसपास दाबते आहे, आणि आतली हवा तेवढंच परत दाबते आहे, म्हणून डबा उभा आहे.

दहा मीटरचा शोध कसा लागला

इटलीतल्या पंपवाल्यांना सतराव्या शतकातच कळलं होतं की ओढून घेणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी आणत नाही. गॅलिलिओने १६३८ साली याची नोंद केली, पण कारण वेगळं दिलं: पाण्याचा खांब स्वतःच्या वजनाने तुटतो असं त्याला वाटलं. पुढे रोममध्ये गास्पारो बेर्तीने इमारतीला लांब नळी उभी करून पाण्याचा खांब सुमारे दहा मीटरवर थांबतो हे दाखवलं. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी साडेतेरापट जड पारा घेतला आणि खांब ७६ सेंटिमीटरवर आला. १६४४ च्या पत्रात त्याने स्पष्ट लिहिलं की खांब धरून ठेवते ती बाहेरची हवा. खरी कसोटी मग फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने सुचवली. त्याच्या मेहुण्याने, फ्लोरँ पेरिएने, १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्युई द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी चढवून नेली. वर पारा आठ सेंटिमीटरच्या आसपास उतरला. डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी.

पेरिए जेवढं चढला जवळजवळ तेवढीच चढण जळगावहून तोरणमाळला जाताना आहे. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे दाब ८८० हेक्टोपास्कलच्या जवळ येतो, म्हणजे पारा जळगावच्या ७४ सेंटिमीटरवरून ६६ वर. पारा विषारी आहे, तो घरी आणू नका, फोनवर काम भागतं.

पाण्याचा प्रयोग मात्र शाळेला करता येतो, चार मजली इमारत आणि दोन जबाबदार माणसं असतील तर. बारा मीटर लांब, जाड भिंतीची पारदर्शक नळी घ्या. पातळ नळी हवेच्या दाबाने चपटी होते. ती पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही तोंडं बुचाने बंद करा, खालचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून तिथलं बूच काढा आणि वरचं टोक दोरीने सावकाश वर घ्या. एका उंचीनंतर नळी वर जाते, पाणी जात नाही. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ते साडेनऊ मीटरच्या आसपास थांबेल. पाण्यात लहान लहान बुडबुडे सुटून वर येताना दिसतील. ती पाण्यात विरघळलेली हवा. वरची जागा पूर्ण रिकामी नसते, तिथे पाण्याची थोडी वाफ असते आणि तीच खांबाला अर्ध्या मीटरच्या आसपास खाली रेटते.

आता विहिरीवर चला

विहिरीच्या काठावर किंवा आतल्या ओट्यावर बसवलेला साधा सेंट्रीफ्यूगल पंप, म्हणजे आतलं चाक फिरवून पाणी फेकणारा, तुमच्या तोंडासारखं काम करतो. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा पाणी सक्शन पाइपातून, म्हणजे पंपापासून पाण्यात सोडलेल्या पाइपातून, वर ढकलते. हवा जास्तीत जास्त दहा मीटरचं, म्हणजे तेहतीस फुटांचं, पाणी पेलू शकते. तेही कागदावर.

प्रत्यक्षात यातून वजावट होते. पाण्याच्या वाफेला अर्धा मीटर. फूट व्हॉल्व्हची (सक्शन पाइपाच्या तळाच्या झडपेची) जाळी, बेंड आणि पाइपातलं घर्षण मिळून मीटर-दीड मीटर. पंपाच्या तोंडाशी पाणी शिरायला थोडा दाब शिल्लक लागतो, तो दीड-दोन मीटर. हाती उरतात सहा ते सात मीटर. म्हणून वीस-बावीस फुटांच्या खाली पाणी गेलं की पंप रडायला लागतो.

इथे एक गैरसमज खूप महागात पडतो. पाणी येत नाही म्हणून तीनची मोटर काढून पाचची बसवली जाते. जास्त एचपी मोटर हवेचा जोर वाढवू शकत नाही. उलट पाणी जोरात ओढल्याने पाइपातलं घर्षण वाढतं आणि सक्शनची उंची आणखी घटते. पैसे घालायचेच असतील तर पंप खाली घ्या किंवा पंपाचा प्रकार बदला.

तपासणी या क्रमाने करा.

दोरीला दगड बांधून पाण्याच्या पृष्ठभागापासून पंपाच्या मध्यापर्यंतची उभी उंची मोजा. पाइपाची लांबी नव्हे, उभी उंची. मोटर अर्धा तास चालल्यावर पुन्हा मोजा, कारण उपसा सुरू झाला की पाणी खाली जातं. सकाळी पाणी येतं आणि तासाभरात बंद पडतं, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उंची ठीक असेल तर पंप भरलेला आहे का बघा. हवा पाण्यापेक्षा सुमारे नऊशेपट हलकी आहे. पंपात हवा राहिली तर चाक फिरत राहतं, पण एवढ्या हलक्या वस्तूला फेकून दाबात म्हणावा तसा फरक पडत नाही, आणि फरक नाही तर बाहेरची हवा पाणी ढकलणार कशी? म्हणून सुरुवातीला पंपात पाणी ओतून आतली एअर काढायची. बुडबुडे येणं पूर्ण थांबेपर्यंत ओता. घाई करणाऱ्यांचा पंप दोन मिनिटांत पुन्हा सुटतो. ओतलेलं पाणी टिकत नसेल तर फूट व्हॉल्व्हच्या वायसरमध्ये कचरा किंवा खडा अडकला आहे.

मग सक्शनचे जोड. इथली गळती डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून मिस्त्रीसुद्धा चुकतात. डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपाच्या पुढे पाणी नेणाऱ्या, पाइपात दाब बाहेरपेक्षा जास्त, तिथे भोक असेल तर पाणी बाहेर उडतं. सक्शनच्या पाइपात दाब बाहेरपेक्षा कमी, तिथे भोक असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो. मोटर चालू असताना प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत खेचला जाईल तिथे गळती. फूट व्हॉल्व्ह पाण्यात किमान दोन फूट बुडालेला ठेवा, नाहीतर भोवरा होऊन वरूनच हवा आत शिरते.

शेवटी कान द्या. पंपात खडे फिरल्यासारखा कडकड आवाज येत असेल तर तो बेअरिंगचाच असेल असं नाही. सक्शन फार ओढलं की पंपाच्या तोंडाशी दाब एवढा उतरतो की पाणी थंड असूनही उकळतं, सिरिंजमध्ये उकळलं होतं तसंच. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणं धातूला ठोका देतं. असा पंप खोलला तर चाकावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. नवं चाक बसवून उपयोग नाही, उंची कमी करा.

विहिरीत उतरायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि एकट्याने उतरू नका. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका, त्याच्या धुराने आत माणसं मरतात.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी इतकं खोल गेलं आहे की काठावरचा पंप बऱ्याच ठिकाणी इतिहासजमा झाला. सबमर्सिबल पाण्यात बुडालेला असतो आणि पाणी खालून वर रेटतो, म्हणून त्याला दहा मीटरची मर्यादा लागू होत नाही. तो किती वर फेकेल हे त्याच्या स्टेजवर (एकावर एक बसवलेल्या चाकांवर) आणि मोटरीवर ठरतं. हवेच्या दाबावर नाही.

ठिबकवरचं घड्याळ काय दाखवतं

ठिबकच्या फिल्टरवरचं प्रेशर गेज शून्य दाखवत असतं तेव्हा पाइपात दाब नसतो असं नाही. तिथे हवेचा दर चौरस सेंटिमीटरला एक किलो आहेच; गेज त्याच्या वरचा तेवढा मोजतं. "ड्रिपरला एक किलो प्रेशर पाहिजे" म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा एक किलो जास्त. टाकीच्या दाबावर ठिबक चालवायचं असेल तर एक किलोसाठी पाणी दहा मीटर उंच हवं. दहाचा आकडा तोच. पंक्चरच्या दुकानातल्या गेजचंही असंच: टायरमध्ये ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) म्हणजे बाहेरच्या साडेचौदांच्या वर तीस.

उतारावरच्या शेतात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याला, एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपात हवा घेणारी-सोडणारी झडप, काढून टाकण्याची चूक करू नका. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी उताराने खाली पळतं आणि वरच्या भागात दाब बाहेरपेक्षा कमी होतो. हवेला शिरायला सोयीची वाट नसेल तर ती ड्रिपरमधून शिरते, आणि सोबत चिखल घेऊन जाते. "ड्रिपर चोक झाले" म्हणून जे अ‍ॅसिड सोडलं जातं, त्यातलं काही एका चांगल्या एअर व्हॉल्व्हने वाचतं. खत सोडायची व्हेंचुरीही दाबाच्या फरकावरच चालते: अरुंद गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि बादलीतल्या द्रावणावर टेकलेली हवा ते नळीतून वर ढकलते. व्हेंचुरी खत घेत नसेल तर आधी तिच्या दोन बाजूंच्या दाबात पुरेसा फरक आहे का ते बघा.

फोन हातात घ्या

बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. बॅरोमीटरचं कुठलंही साधं अ‍ॅप त्याचा आकडा दाखवतं. एक काळजी घ्या. हवामानाच्या अ‍ॅपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, सेन्सरचा आकडा तुमच्या जागेचा असतो. जळगावला या दोन्हींत बावीस-चोवीसचा फरक दिसेल. फोन बिघडलेला नाही.

तळमजल्यावर आकडा लिहा, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जा, पुन्हा लिहा. एक हेक्टोपास्कल कमी झालेला दिसेल, कारण दर नऊ मीटरला साधारण एवढाच उतरतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना फोन समोर धरला तर आकडा सलग घसरताना दिसतो, आणि त्याच वेळी कानात दडे बसतात: कानाच्या पडद्यामागची हवा अजून घाटाच्या पायथ्याच्या, म्हणजे जास्त, दाबाची असते. गिळलं की मोकळं होतं. तोरणमाळला जाताना केळीच्या वेफर्सचं पाकीट सोबत ठेवा. वर पोचेपर्यंत ते टम्म फुगतं. आत जळगावची हवा आहे आणि बाहेर तिच्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी दाब. तिथे पाणीही ९६ अंशांना उकळतं, म्हणून उघड्या भांड्यातली डाळ हट्टी होते.

आता तोच आकडा घरी एका जागी बसून दिवसभर टिपा. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, दुपारी चारला सर्वांत खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. उन्हाच्या तापण्याने सगळ्या वातावरणात उठणारी ही लाट आहे आणि आपल्या अक्षांशांवर ती स्वच्छ दिसते, काही हेक्टोपास्कलची. नवखा माणूस दुपारचा उतार पाहून वादळ येणार म्हणतो. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा, सकाळच्या दहाशी नको. त्या तुलनेत तीन-चारचा उतार दिसला तर आकाशाकडे लक्ष ठेवा.

बातम्यांतला "कमी दाबाचा पट्टा" काही हेक्टोपास्कलचाच असतो. आजूबाजूची जास्त दाबाची हवा तिकडे सरकते, तिथे गोळा झालेली हवा वर चढते, वर थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. वारा म्हणजे दाबातला फरक भरून काढायला निघालेली हवा. कमी अंतरात फरक जास्त, तर वारा जोराचा.

पत्र्याचं घर असेल तर

मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात आणि पत्रे उडतात. पत्रा वारा वर खेचून नेतो असं वाटतं. छतावरून वारा वेगाने गेला की पत्र्यावरचा दाब घटतो, घरातली हवा मात्र शांत आणि पूर्ण दाबाची असते. ती खालून ढकलते. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात हा फरक दर चौरस मीटरला ३५ किलोंच्या आसपास जाऊ शकतो. एकूण दाबाच्या तो तीनशेव्या हिश्श्याएवढाच आहे, पण दहा बाय दहाच्या छताला तो सव्वातीनशे किलो होतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चाळीस किलोंच्या आसपास असतं. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा खालचा दाब आणखी वाढवतो, म्हणून ते दार आधी लावा. छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त ओढ बसते. तिथे हुक आणि बोल्ट मधल्या भागापेक्षा जवळजवळ घ्या. पत्र्यावर ठेवलेल्या दगडांवर भिस्त ठेवू नका. सव्वातीनशे किलोंना पुरतील एवढे दगड कोणी ठेवत नाही, आणि जे ठेवलेले असतात ते पत्र्याबरोबर खाली माणसांवर येतात.